जुना दारूगोळा निवत नाही
भिवंडी तालुका गोदामांचा आणि भंगाराच्या उलाढालीचा. दिघाशी गावापासून भिवंडी शहरापर्यंत कुठल्याही पितळ-लोखंडाच्या ढिगात एखादे जुने काडतूस किंवा तोफगोळा निघू शकतो. तेव्हा ‘एवढा जुना आहे, आता काय होणार?’ हा विचार जिवावर बेतू शकतो.

गैरसमज : वर्षे उलटली की दारूगोळा निकामी होतो.
वस्तुस्थिती : गोळ्यातला प्रत्येक घटक वेगळ्या गतीने जुना होतो. टीएनटी या स्फोटकाची ताकद कित्येक दशके टिकते. बेल्जियमच्या शेतांत नांगरताना पहिल्या महायुद्धातले गोळे अजून सापडतात आणि तिथले सैन्य ते गोळा करून नष्ट करते.

गैरसमज : आयुर्मर्यादा संपली नाही, म्हणजे माल सुरक्षित आहे.
वस्तुस्थिती : ती मर्यादा योग्य साठवणुकीच्या हिशेबाने ठरते. काडतुसातली नायट्रोसेल्युलोजची दारू आपोआप हळूहळू विघटित होते. तिला आवरण्यासाठी डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक घालतात, पण तेही खर्ची पडत जाते. उष्णतेने हा वेग झपाट्याने वाढतो. स्थिरक संपले की साठा आतून तापून स्वतःहून पेट घेऊ शकतो. म्हणून लष्करी साठ्यांची ठरावीक काळाने रासायनिक तपासणी करावी लागते. धोका फक्त काडतुसांच्या दारूपुरता नसतो. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात 31 मे 2016 च्या पहाटे भीषण स्फोट झाले. अधिकाऱ्यांसह आग विझवणारे जवानही त्यात दगावले. रणगाडाविरोधी सुरुंगांमधून टीएनटी पाझरत असल्याचे तेव्हा पुढे आले.

गैरसमज : भिजलेला, गंजलेला गोळा निरुपद्रवी असतो.
वस्तुस्थिती : काळी दारू वाळली की पुन्हा पेटू शकते. जुन्या गोळ्यांतल्या पिक्रिक आम्लाचा काही धातूंशी संयोग होऊन घर्षणही न सोसणारे क्षार तयार होतात. गंजाने पेटवण्याची यंत्रणा कमकुवत झाली, तर जरासा धक्काही पुरतो. इंग्लंडमध्ये थेम्स नदीच्या मुखाशी 1944 मध्ये बुडालेल्या ‘रिचर्ड माँटगोमेरी’ जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटके आहेत. त्यावर आजही पाळत ठेवली जाते.

गैरसमज : ठोकून किंवा जाळून गोळा रिकामा करता येतो.
वस्तुस्थिती : हे काम नेमलेल्या जागी, प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली होते, आणि तरीही जीव जातात. पुलगावजवळच 20 नोव्हेंबर 2018 रोजी कालबाह्य दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण मेले. त्यांत मजुरीला आलेले गावकरी होते. मग भंगाराच्या दुकानातल्या छिन्नी-हातोड्याची काय कथा?

गैरसमज : आठवण म्हणून जुने काडतूस घरात ठेवायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणे गुन्हा आहे.

सापडलेल्या वस्तूला हात लावू नका, हलवू नका, पाणी टाकू नका. माणसांना दूर करा आणि 112 वर कळवा. बॉम्बशोधक व नाशक पथक येईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नका. पितळेच्या भावापेक्षा मजुराचा जीव मोठा आहे, हे प्रत्येक गोदाममालकाने आपल्या माणसांना समजावून सांगितलेच पाहिजे.