दिशा, बाजू आणि वेळ : परगावच्या माणसाची मुंबई

मुंबईस कामानिमित्त येणाऱ्या परगावच्या माणसाच्या मनात या शहराची जी धास्ती असते, तिचे मूळ गर्दीपेक्षा गर्दीच्या अनाकलनीयतेत अधिक असते. आषाढीची, जत्रेची, आठवड्याच्या बाजाराची गर्दी महाराष्ट्रात कोणाला नवीन नाही. परंतु पंढरपुरात सारी पावले कोठे चालली आहेत हे लहान मुलासही ठाऊक असते, आणि दादरच्या पुलावर हातात पिशवी घेऊन उभे राहिले म्हणजे नेमके तेवढेच उमगेनासे होते. वस्तुतः मुंबईच्या या लोकप्रवाहासही त्याचे नियम आहेत. ते थोडे आहेत आणि ज्या भूमीवर हे शहर वसले तिच्या आकारातूनच ते निघालेले असल्यामुळे, तो आकार एकदा ध्यानी घेतला की दिशा, बाजू आणि वेळ या तीन गोष्टींच्या आधारे नवख्या माणसासही येथे निर्धास्तपणे वावरता येते.

आजचे मुंबई शहर ज्या जमिनीवर उभे आहे ती मूळची कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम या सात बेटांची. मुंबई व वरळी या बेटांमधून भरतीचे पाणी आत शिरत असे ती खिंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हॉर्नबी या गव्हर्नराच्या कारकिर्दीत, बांध घालून बुजविण्यात आली. माहीम आणि वांद्रे यांस जोडणारा रस्ता १८४५ साली खुला झाला, आणि त्याचा खर्च लेडी जमशेटजी यांनी, वाटसरूंकडून पथकर घेऊ नये या अटीवर, आपल्या पदरचा दिला. अशा रीतीने सांधली गेलेली भूमी दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद राहिली. कचेऱ्या, न्यायालये, पेढ्या आणि गोदी तिच्या दक्षिण टोकाशी, जुन्या कोटाच्या परिसरात स्थिरावल्या, आणि वाढत्या वस्तीस उत्तरेकडे सरकण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली तिने या उत्तरेच्या वाटचालीला मार्ग आखून दिला. १८६७ साली विरारहून पश्चिम किनाऱ्याने गाडी सुरू झाली, आणि १९२५ च्या फेब्रुवारीत बोरीबंदर ते कुर्ला या टप्प्यात देशातली पहिली विजेवरची गाडी धावली. मुंबईचा सारा दैनंदिन व्यवहार आजही या रुळांच्याच आधारे चालतो.

म्हणून पाहुण्याने प्रथम दिशा ओळखावी. पश्चिम रेल्वे चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवलीवरून विरारकडे व पुढे डहाणूस जाते. मध्य रेल्वे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, म्हणजेच जुन्या बोरीबंदरहून, दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाण्यावरून कल्याणास आणि तेथे फुटून एकीकडे कसाऱ्यास, दुसरीकडे कर्जतच्या वाटेने जाते. आणि हार्बर मार्ग वडाळा, कुर्ला, वाशी असा पनवेलपर्यंत पोहोचतो. या तीन वाटा कोठे एकमेकींस भेटतात एवढे पाठ केले की अर्धी मुंबई कळली : पश्चिम व मध्य यांची गाठ दादरला, मध्य व हार्बर यांची कुर्ल्याला, आणि ठाण्याहून वाशी-पनवेलला जाणारी वाट वेगळी. फलाटावरचा इंडिकेटर पुढील गाडीचे शेवटचे स्थानक, ती जलद की धीमी, आणि तिला डबे किती, हे सांगतो. तो वाचल्याशिवाय समोर आलेल्या गाडीत चढू नये, कारण जलद गाडी मधली स्थानके सोडून पुढे निघून जाते.

दुसरी गोष्ट बाजूची. रेल्वेने मुंबईच्या प्रत्येक उपनगराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले आहेत, आणि 'अंधेरी पूर्व' व 'अंधेरी पश्चिम' ही व्यवहारात जवळजवळ दोन गावे आहेत. ज्याने पत्ता घेतला पण बाजू विचारली नाही, त्याला स्थानकाबाहेर आल्यावर ओझे घेऊन पुन्हा पूल चढावा लागतो. तेव्हा कोणाकडे जायचे असो, स्थानक कोणते, पूर्वेस की पश्चिमेस, आणि चर्चगेट किंवा बोरीबंदरच्या टोकाच्या पुलाने उतरावे की विरार अथवा कल्याणच्या टोकाच्या, हे आधीच विचारून लिहून घ्यावे. मुंबईकर हे प्रश्न एकमेकांस रोज विचारतात. ते विचारण्यात परकेपणा उघड होत नाही.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. कामाची ठिकाणे दक्षिणेस व घरे उत्तरेस, या जुन्या मांडणीमुळे सकाळी सुमारे आठपासून अकरापर्यंत माणसांची भरती दक्षिणेकडे चढते आणि संध्याकाळी पाचपासून नवापर्यंत ती उत्तरेकडे ओसरते. वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी आणि नवी मुंबई येथे नवी कार्यालये झाल्याने या नियमाला आता पुष्कळ अपवाद आहेत, तरी मूळ प्रवाह तोच आहे. त्याच्या विरुद्ध दिशेने जाणाऱ्याला त्याच वेळी पुष्कळदा बसावयासही जागा मिळते. संध्याकाळच्या विरार जलद गाडीत अंधेरीस उतरणाऱ्याने चढू नये, हा अलिखित दंडक आहे, कारण लांबच्या प्रवाशांनी भरलेल्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच स्थानक मागे पडते. त्यापेक्षा अंधेरीची धीमी गाडी धरावी आणि दोन स्थानके आधी दाराकडे सरकावे.

हे सारे कोणासाठी सांगावयाचे? सहलीस येणाऱ्यास वेळ हाताशी असतो. पण सोलापूरहून सिद्धेश्वर, कोल्हापूरहून महालक्ष्मी, नागपूरकडून विदर्भ एक्स्प्रेसने सकाळी मुंबईत उतरणाऱ्यांत किती तरी जण परळच्या टाटा रुग्णालयात किंवा शेजारच्या के.ई.एम. रुग्णालयात तपासणीस आलेले असतात. त्यांनी शेवटच्या स्थानकापर्यंत न जाता दादरलाच उतरावे, हे सांगणारे कोणी भेटले तर रुग्णाचा केवढा त्रास वाचतो! दादरहून परळ एकच स्थानक आहे, आणि ही दोन्ही रुग्णालये परळच्या पूर्वेस आहेत. लोकलमधील दिव्यांगांच्या राखीव डब्यात कर्करुग्णांना प्रवासाची मुभा आहे, आणि लांब पल्ल्याच्या तिकिटावर रुग्णालयाच्या दाखल्यावरून सवलत मिळते. मुक्कामासाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आहे; पण जागा आहे की नाही याची चौकशी निघण्यापूर्वीच करावी.

रस्त्याची व्यवस्था सोपी आहे. रिक्षा वांद्रे व शीव यांच्या उत्तरेसच चालतात. दक्षिणेस टॅक्सी आणि बेस्टची बस. मुख्य स्थानकांबाहेर ठराविक वाटेच्या शेअर टॅक्सी उभ्या असतात. पूर्व-पश्चिम जाण्याची जी जुनी अडचण होती, ती २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने बरीच कमी केली. आणि आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरांची भुयारी मेट्रो २०२५ च्या ऑक्टोबरात पूर्ण खुली झाल्यापासून विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांवरून थेट कोटाच्या भागात येता येते. मात्र रविवारी दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक असतो, त्याची वार्ता आदल्या दिवशी पाहावी. पावसाळ्यात मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली, तर भराव घालून केलेल्या सखल भागांतले पाणी समुद्र आत घेत नाही आणि कुर्ला, शीव येथे रूळ पाण्याखाली जातात. अशा दिवशी प्रवास पुढे ढकलणे हेच शहाणपण.

परंतु दिशा, बाजू आणि वेळ शिकण्याची सारी जबाबदारी पाहुण्यावरच टाकणे न्यायाचे नाही. मराठवाड्यातल्या वृद्धाला तपासणीची, विदर्भातल्या विधवेला निवृत्तिवेतनाच्या सुनावणीची, कोकणातल्या तरुणाला मुलाखतीची जी तारीख कळविली जाते, तिच्या पत्रावर इमारतीचे नाव असते, मजला असतो, जावक क्रमांक असतो. स्थानक मात्र नसते. बोलावणाऱ्या प्रत्येक कचेरीने, रुग्णालयाने आणि न्यायालयाने पत्त्याखाली आणखी एक ओळ छापावी : कोणत्या मार्गाचे कोणते स्थानक, पूर्व की पश्चिम, आणि तेथून चालत किती मिनिटे. शक्य तेथे लांबून येणाऱ्यास दुपारची वेळ द्यावी, म्हणजे सकाळच्या लोंढ्यात त्याला ढकलले जावे लागणार नाही. या तजविजीस निधी लागत नाही, नवा कायदा लागत नाही. समोरचा माणूस कोठून आणि कशासाठी येत आहे याची जाणीव मात्र लागते. मुंबई ही राज्याची राजधानी असल्याने तिच्याकडे येण्याचा हक्क प्रत्येक तालुक्याचा आहे, आणि येथपर्यंतची वाट स्पष्ट लिहून देणे हे त्या हक्काच्या बाजूने राजधानीचे पहिले कर्तव्य आहे.