श्रेय कवीचे, चित्र हिशेबनिसाचे

इटलीतील तुरीन शहरात १८ एप्रिल १९१४ रोजी ‘काबिरिया’ हा मूकपट प्रथम झळकला. रोम आणि कार्थेज यांच्यातील दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या काळातील ही भव्य चित्रगाथा. एटना ज्वालामुखीचा उद्रेक, आल्प्स ओलांडणारा हॅनिबल, मोलोक देवतेच्या धगधगत्या उदरात लोटली जाणारी बालके आणि तेथून होणारी एका मुलीची सुटका, असे सारे अपूर्व देखावे तीत होते. कर्ता म्हणून मात्र एकाच नावाचा डंका पिटण्यात आला. ते नाव होते विख्यात कवी गाब्रिएले दानुंझिओ यांचे.

वस्तुतः हा चित्रपट घडविला तो जोव्हान्नी पास्त्रोने या तिशीतील तरुणाने. चित्रव्यवसायात तो शिरला होता हिशेबनीस म्हणून. कर्जबाजारी होऊन फ्रान्समध्ये जाऊन राहिलेल्या कवीला पन्नास हजार लिरा मोजून त्याने त्यांचे नाव आणि पडद्यावरील मजकुरासाठी त्यांची अलंकृत भाषा मिळविली. स्वतः ‘पिएरो फॉस्को’ या टोपणनावाआड राहिला. चित्रपट ही तेव्हा हलकी करमणूक समजली जाई. प्रतिष्ठितांनी तिकडे वळावे तर साहित्याचे प्रशस्तिपत्र हवे, हा त्यामागील व्यवहारी हिशेब. तो अचूक ठरला, हेही मान्य केले पाहिजे. माचिस्ते या बलदंड गुलामाचे नाव ही तर कवीचीच देणगी. पण त्या नावात प्राण ओतला तो जेनोवाच्या गोदीत राबलेल्या बार्तोलोमेओ पागानो याने.

काळाने मात्र ताळेबंद निराळाच मांडला. चाकांच्या गाड्यावर कॅमेरा चढविण्याच्या युक्तीचे पेटंट पास्त्रोनेने १९१२ सालीच मागितले होते. तोवर कॅमेरा बहुधा नाटकाच्या प्रेक्षकासारखा एका जागी खिळलेला असे. ‘काबिरिया’त तो संथपणे देखाव्यात शिरला आणि मंदिराची खोली, माणसामाणसांतील अंतर पडद्यावर जाणवू लागले. चित्रपटाच्या इतिहासात आज या कृतीचे स्थान आहे ते मुख्यतः या गतीमुळे. कवीच्या शब्दवैभवामुळे नव्हे.

नव्या कलेला जुन्या प्रतिष्ठेची शिफारस घ्यावी लागते, यात वावगे काही नाही. परंतु शिफारस करणाऱ्यालाच कर्ता मानू लागलो, तर राबणाऱ्याची बुद्धी आणि त्याचे कष्ट इतिहासातून निसटतात. म्हणून इतिहास शिकविणाऱ्याने आणि शिकणाऱ्यानेही जाहिरातीतील नावापाशी थांबू नये. गाडा कोणी ओढला, हेही विचारावे.