नायलॉनवरील स्क्रीन छपाई : शाईची निवड

उपयोजित कलेचा अभ्यासक्रम पुरा करताना आपल्यापैकी बरेचजण लहानसहान छपाईची कामे घेऊ लागतात. कधी मंडळाचे बॅनर, कधी टी-शर्ट, कधी पतपेढीच्या वर्धापनदिनासाठी दोनशे पिशव्या. सुती कापडावर हात बसलेला असतो. म्हणून तीच शाई, तीच स्क्रीन घेऊन नायलॉनच्या पिशवीवरही छपाई केली जाते. छपाई दिसते झकास. पण पंधरा दिवसांत पिशवीची घडी पडते तेथे रंगाचा पापुद्रा सुटू लागतो, आणि महिन्याभरात संस्थेच्या नावातील निम्मी अक्षरे नाहीशी होतात. रचना कितीही उत्तम असो, गिऱ्हाईक पुन्हा येत नाही; आणि भरपाईची वेळ आली तर कापड, शिलाई व मजुरी तिन्ही अंगावर पडतात. हे टाळण्यासाठी शाई आणि कापड यांचे नाते समजून घेणे अगत्याचे आहे.

कापूस आणि नायलॉन

कापसाचा तंतू पाणी पितो. नेहमीच्या हवेत तो आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो. नायलॉन सुमारे चार टक्के, तर पॉलिएस्टर अर्धा टक्कादेखील धरीत नाही. सुती कापडावर शाई धाग्यांच्या आत-बाहेर शिरते व तेथेच रुतून बसते. नायलॉनचा धागा मात्र काचेच्या कांडीसारखा गुळगुळीत. शाई त्याच्यावर नुसती पसरते, पकड घेत नाही. त्यातच पिशव्यांच्या व छत्र्यांच्या कापडाला पाणी आत शिरू नये म्हणून लेप किंवा जलरोधक प्रक्रिया दिलेली असते. जी प्रक्रिया पावसाला दूर ठेवते, तीच शाईलाही दूर ठेवते. कापडावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा गोल राहिला, तर ही प्रक्रिया आहे असे समजावे.

आधी कापड ओळखा

बाजारात जिला ‘नायलॉनची पिशवी’ म्हणतात, ती नायलॉनची असेलच असे नाही. दप्तरांचे मॅटी कापड बहुधा पॉलिएस्टर असते; ‘पॅराशूटचे कापड’ या नावाने दोन्ही विकली जातात; आणि न विणलेली, कागदासारखी दिसणारी स्वस्त पिशवी पॉलिप्रॉपिलीनची असते. तिघांचे स्वभाव भिन्न आहेत.

ओळखण्याच्या दोन सोप्या रीती आहेत. पहिली पाण्याची. कापडाचा छोटा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बोटाने दाबून, त्यातील हवा काढून सोडावा. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलके असल्याने सहसा वर येते; नायलॉन व पॉलिएस्टर बुडतात. दुसरी रीत जाळण्याची. चिमट्यात दोन-चार धागे धरून ज्योतीजवळ न्यावेत. पॉलिएस्टर काळा, काजळीचा धूर देते. नायलॉनचा धूर पांढुरका असतो व ते विझू पाहते. पॉलिप्रॉपिलीनला मेणबत्तीसारखा वास येतो. हा प्रयोग मोकळ्या हवेत, शाई व थिनरपासून दूर करावा.

हे पाहणे का आवश्यक आहे, ते उष्णतेच्या आकड्यांवरून कळेल. पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० ते १६५ अंश सेल्सियसला वितळते, नायलॉन-६ सुमारे २२० अंशांना, आणि नायलॉन-६६ सुमारे २६० अंशांना. जी शाई पक्की व्हावयास १६० अंश लागतात, ती पॉलिप्रॉपिलीनवर वापरली तर शाई पक्की होईल, पण पिशवी उरणार नाही!

शाईचे प्रकार

१) पाण्यातील पिगमेंट शाई : सुती कापडासाठी ही उत्तम, स्वस्त व वापरावयास सोपी. नायलॉनच्या गुळगुळीत अंगावर मात्र ती टिकत नाही. खास बंधक द्रव्य घालून काही उत्पादक नायलॉनसाठी अशी शाई तयार करतात. तसे डब्यावर स्पष्ट लिहिलेले असेल तरच घ्यावी.

२) प्लास्टिसॉल : पीव्हीसीचे बारीक कण तेलकट द्रवात कालवून ही शाई करतात. ती हवेने वाळत नाही, त्यामुळे स्क्रीनवर जाम होत नाही. सुमारे १६० अंशांच्या उष्णतेनेच पक्की होते. नुसती वापरली तर नायलॉनवरून ती पापुद्र्यासारखी सोलून निघते. म्हणून तीत नायलॉनसाठीचे बंधक द्रव्य मिसळतात. ते प्रमाण डोळ्यांच्या अंदाजाने नव्हे, वजन करून घ्यावे. कमी पडले तर पकड नाही, जास्त झाले तर थर ठिसूळ. मिसळलेली शाई काही तासांत घट्ट होऊ लागते, म्हणून लागेल तेवढीच कालवावी. उष्णतेने कापडाचा लेप मऊ पडतो व पातळ कापड आकसते. यासाठी कमी उष्णतेवर पक्की होणारी शाई मिळाल्यास बरी.

३) सॉल्व्हंटची दोन-घटकी शाई : शिवून तयार झालेल्या, भट्टीत घालता न येणाऱ्या पिशव्यांना हीच सोयीची. शाई व हार्डनर मिसळले की रासायनिक क्रिया सुरू होते आणि हवेतच थर कठीण होतो. स्पर्शाला ती लवकर वाळते, पण पुरती पकड यावयास एक ते तीन दिवस लागतात. त्याआधी पिशव्यांच्या थप्प्या लावू नयेत. या शाईला सॉल्व्हंट सोसणारे इमल्शनच स्क्रीनवर हवे.

४) ॲसिड डाय : वरील तिन्ही शाया कापडाच्या अंगावर बसतात, हा रंग मात्र धाग्याच्या आत जातो. नायलॉनच्या रेणूंतील अमाइन गट आम्लात धनभारित होतात व रंगाचे ऋणभारित रेणू त्यांना बिलगतात. रेशीम व लोकर यांवर चालणारे हेच रंग. खळीत रंग कालवून छपाई करावयाची, मग सुमारे १०० अंशांच्या वाफेत अर्धा-पाऊण तास ठेवून धुवावयाचे. कापडाचा मऊपणा तसाच राहतो, म्हणून निशाण, रुमाल, ओढणी यांसाठी हा मार्ग श्रेष्ठ. मात्र रंग पारदर्शक असल्याने पांढरे किंवा फिके, लेप नसलेले कापडच हवे.

छपाई करताना

जलरोधक कापड छपाईपूर्वी स्पिरिट लावलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे व पूर्ण कोरडे होऊ द्यावे. हार्डनर अल्कोहोलशीही क्रिया करतो. ओलसर स्पिरिट राहिले तर पकड उलट बिघडते. नायलॉन घसरते, म्हणून पिशवीत सपाट फळी सरकवून ती पक्की बसवावी. शिवण व चेन छपाईच्या जागेपासून दूर राहतील असे पाहावे. पॉलिएस्टरची जाळी घेतल्यास रंगावर रंग नेमका बसतो, कारण नायलॉनची जाळी ओलाव्याने सैल पडते. शाईचा थर पातळ ठेवावा; जाड थर घडीवर आधी तडकतो.

कोणत्याही कामाआधी त्याच कापडावर एक नमुना छापावा. चोवीस तासांनी नखाने खरवडावा, मुठीत चुरगाळावा, त्यावर सेलोटेप घट्ट दाबून झटक्याने ओढावी, आणि शेवटी साबणाने धुवावा. टेपला रंग आला, तर बाकीच्या एकशे नव्याण्णव पिशव्यांना हात लावू नये.

एक इशारा

दोन-घटकी शाईचा हार्डनर व प्लास्टिसॉलचे काही बंधक यांत आयसोसायनेट जातीची द्रव्ये असतात. त्यांची वाफ छातीत जाऊन काहींना कायमचा दमा जडतो. एकदा शरीर संवेदनशील झाले की पुढे अल्पशी वाफही सोसत नाही. सॉल्व्हंटची वाफ पेटही घेते. आपल्याकडे अशी कामे बहुधा घरातल्या मागच्या खोलीत, खिडकी लावून चालतात आणि शेजारी लहान मुले झोपलेली असतात. म्हणून हातमोजे, खेळती हवा व सेंद्रिय वाफांसाठीचा मुखवटा यांवर काटकसर करू नये. नाकाला बांधलेला रुमाल वाफ अडवीत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हार्डनरचे झाकण उघडे राहिले, तर हवेच्या ओलाव्याने तो बिघडतो. ओलावा शिरलेल्या बाटलीत वायू साठून ती फुगते.

मग कोणती शाई निवडावी? शिवलेल्या पिशवीसाठी दोन-घटकी. भट्टीची सोय असेल तर बंधक मिसळलेले प्लास्टिसॉल. मऊ वस्त्रासाठी ॲसिड डाय. आणि पॉलिप्रॉपिलीनसाठी त्याच्याच नावाची, हवेत वाळणारी शाई. दुकानदार ‘सगळ्यावर चालते’ म्हणून जो डबा पुढे करतो, तो घेण्यापूर्वी खिशात कापडाचा तुकडा असू द्यावा आणि त्यावर छापून पाहण्याइतकी शाई मागून घ्यावी. आपल्या रेखाटनाचे आयुष्य ती रेषा ज्यावर उमटते त्या धाग्यावरही अवलंबून असते. धाग्याचा अभ्यास हा म्हणून कलेच्या अभ्यासाचाच भाग होय.