बंद मोटारीत काय काय चालू असते?

समजा, भूम तालुक्यातल्या ईट गावी एका शिक्षकाने जुनी फियाट मोटार विकत घेतली. मोटारीचे सारे आयुष्य मुंबईत गेलेले. आधीचे मालक निवृत्त होऊन गावी आले तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली, आणि पुढची दहा वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये ज्वारीच्या पोत्यांशेजारी उभी राहिली. व्यवहार ठरला, किल्ली हातात आली. चार विद्यार्थी आणि दोन शेजारी गोळा झाले. आता पहिली गोष्ट काय होईल? कोणीतरी म्हणणारच, "सर, दुसऱ्या गाडीची बॅटरी जोडा, बघू सुरू होते का." नाही झाली, तर "ढकलून बघू."

या लेखात सांगायचे आहे ते एवढेच, की ही पहिली गोष्ट सर्वांत शेवटी करायची असते. दहा वर्षे मोटार 'बंद' होती असे आपण म्हणतो. पण बंद होते ते तिचे चालणे. तिच्यातले लोखंड, पेट्रोल, रबर, शिसे आणि ब्रेकचे तेल यांच्या रासायनिक क्रिया दहा वर्षे अखंड चालूच होत्या. त्यांनी काय करून ठेवले आहे हे पाहिल्याशिवाय किल्ली फिरवली, तर चांगले इंजिनही काही क्षणांत खराब होऊ शकते.

कुर्ल्याची फियाट

परदेशात जुन्या दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारी विकत घेऊन दुरुस्त करण्याचा छंद पुष्कळांना असतो. आपल्याकडे ती हौस बहुधा फियाटवर भागते, आणि फियाट काही कमी नाही. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती होत, तेव्हा याच मोटारी सजवून त्यांत उतरवल्या जात. सोलापुरात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली, आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव 'प्रीमिअर पद्मिनी' झाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. तिची टॅक्सी म्हणून सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली.

या मोटारीचे इंजिन १०८९ घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे. तिच्यात संगणक नाही. कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग, पंप हे सारे डोळ्यांना दिसते आणि हाताने उघडता येते. म्हणूनच विज्ञान शिकवणाऱ्याला ही मोटार म्हणजे चाकांवरची प्रयोगशाळा आहे.

आधी कागद, मग चुंबक

पान्याला हात लावण्याआधी नोंदणीपुस्तक उघडावे. त्यातील चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक मोटारीवर कोरलेल्या आकड्यांशी जुळतात का ते पाहावे. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षे चालते. पुढे तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटून गेलेल्या आणि मूळ रूपात असलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली 'व्हिंटेज' नोंदणीचे वेगळे नियम केले. मात्र तशी नोंदणी घेतलेली मोटार रोजच्या वापरात आणता येत नाही. कागद जुळत नसतील, तर पुढचा सारा खर्च शेडमध्येच राहील.

मग एक साधे चुंबक घ्यावे, रंग खरवडू नये म्हणून ते पातळ फडक्यात गुंडाळावे आणि पत्र्यावरून फिरवावे. जिथे ते चिकटत नाही, तिथे रंगाखाली लोखंड नसून पुट्टी भरलेली आहे असे समजावे. मुंबईच्या हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. पत्र्याच्या दुमडीत आणि दारांच्या तळाशी ते साचतात. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे. तिला लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन लागतात, आणि पाण्यात मीठ असले की वीज अधिक सहज वाहून गंज झपाट्याने वाढतो. ईटची हवा मुंबईपेक्षा कोरडी, म्हणून इथे गंजाचा वेग मंदावतो. पण दुमडीतले मीठ कुठे जात नाही. पावसाळ्यात ते ओलावा ओढून घेते आणि थांबलेले काम पुढे सुरू होते. म्हणून चटया उचलून तळाचा पत्रा ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर तिथे पत्र्याचे काम निघाले.

जाम इंजिन

आता किल्ली का फिरवायची नाही ते पाहू. चार सिलिंडरचे इंजिन कोणत्याही स्थितीत थांबले, तरी एखाद्या सिलिंडरची झडप उघडी राहतेच. उन्हाळ्यात पत्र्याखालची हवा दिवसा तापून प्रसरण पावते आणि सिलिंडरमधून थोडी बाहेर पडते. रात्री ती आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आत येते. इंजिन जणू रोज एक श्वास घेत असते! दहा वर्षांत असे साडेतीन हजारांहून अधिक श्वास होतात. दट्ट्यावरच्या कड्या सिलिंडरच्या भिंतीला टेकून बसलेल्या असतात. मधला तेलाचा थर निथळून गेलेला असतो. तिथे गंज धरतो, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो. परिणाम म्हणजे इंजिन जाम होते.

अशा वेळी स्टार्टर मारला किंवा गिअरमध्ये टाकून मोटार ढकलली, तर गंजाचे कण कानशीसारखे काम करून भिंतीवर चरे पाडतात. क्वचित कडी तुटते. योग्य मार्ग सावकाशीचा आहे. चारही प्लग काढावेत. प्रत्येक छिद्रातून दोन-तीन चमचे पातळ तेल सोडावे आणि एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. तेल केशाकर्षणाने कडी आणि भिंत यांच्या फटीत शिरते. दिव्याच्या वातीत तेल चढते, तोच हा गुणधर्म. मग मोटार न्यूट्रलमध्ये ठेवून, क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटाला पाना लावून हाताने हलके फिरवून पाहावे. न फिरल्यास जोर वाढवू नये, दिवस वाढवावेत. इंजिन मोकळे फिरू लागले, की खालचे जुने तेल काढून नवे भरावे. जुन्या तेलात ज्वलनातून आलेले पाणी आणि आम्ले साठलेली असतात.

टाकीतला खवा

भूमच्या परिसरात खव्याच्या भट्ट्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत. कढईतले दूध आटते, पाणी वाफ होऊन जाते आणि घट्ट भाग उरतो. उभ्या मोटारीच्या टाकीत आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत असाच एक खवा होतो, फक्त भट्टीशिवाय. पेट्रोल हा एकच पदार्थ नव्हे. सुमारे ३५ अंश सेल्सिअसपासून २०० अंशांच्या आसपास उकळणाऱ्या अनेक हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. हलके घटक आधी उडून जातात, आणि इंजिन थंड असताना पेट घेण्यासाठी तेच हवे असतात. उरलेल्या घटकांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकट डिंक तयार होतो. खव्याशी साम्य इथे संपते; कारण हा डिंक नुसता आटून उरलेला नाही, नव्याने तयार झालेला आहे. कार्ब्युरेटरच्या जेटचे छिद्र जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते. ते बुजायला असा डिंक कितीसा लागणार?

म्हणून जुने पेट्रोल पूर्ण काढून टाकावे, टाकी उतरवून धुवावी, कार्ब्युरेटर उघडून साफ करावा आणि सर्व रबरी नळ्या बदलाव्यात. नळ्या बदलण्याला आज आणखी एक कारण आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्यातले काही उसापासून येते, म्हणजे मराठवाड्यातल्या शेतातले पीकही आपल्या टाकीत पोचते. जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते आणि मऊ पडते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, म्हणून दुरुस्त झालेली मोटारही महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

येथे एक इशारा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोकादायक असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असले, की एका ठिणगीने स्फोट होतो, आणि 'रिकाम्या' टाकीत नेमके हेच प्रमाण असू शकते. टाकीला वेल्डिंग करण्याचे काम जाणकाराशिवाय कोणीही करू नये.

वीज

शिशाची बॅटरी न वापरताही आपोआप उतरते. उतरलेल्या स्थितीत तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक धरतात, आणि ते पुढे विजेने विरघळत नाहीत. दहा वर्षांची बॅटरी म्हणूनच गेलेली असते; नवी घ्यावी. पूर्ण भारित बॅटरीच्या टोकांवर सुमारे १२.६ व्होल्ट मिळतात. पण ती जोडण्यापूर्वी वायरी तपासाव्यात. धान्याशेजारच्या शेडमध्ये उंदीर असणारच, आणि वायरीवरचे आवरण त्यांनी कुरतडले असेल तर पहिल्याच जोडणीत शॉर्ट सर्किट होईल. पॉइंटच्या टोकांवर ऑक्साइडचा पातळ थर आलेला असतो. तो वीज अडवतो आणि ठिणगी पडत नाही. बारीक कानशीने टोके घासून त्यांच्यातली फट पुन्हा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लावली, की बहुतेक वेळा ठिणगी परत येते.

चालण्याआधी थांबणे

सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि उत्साहाच्या भरात विसरला जातो तोही हाच. फियाटला चारही चाकांवर ड्रम ब्रेक असतात, आणि पावलाचा दाब तेलातून चाकांपर्यंत पोचतो. हे तेल हवेतला ओलावा शोषते. पावसाळ्यात उघड्या बरणीतला गूळ पाझरतो, तसेच. नेहमीच्या ब्रेक तेलाचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो.

याचा अर्थ आकड्यांतून पाहू. माणसांसह ११०० किलोग्रॅमची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असताना तिची गतिज ऊर्जा सुमारे दीड लाख ज्यूल असते. ती थांबवताना जवळजवळ सारी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन उतरते. एवढ्या उष्णतेने अर्धा लिटर पाणी ३० अंशांपासून उकळीला येईल. आता हीच मोटार बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात १०० मीटर उंचीचा उतार उतरते आहे असे समजा. स्थितिज ऊर्जेचे जवळपास ११ लाख ज्यूल कुठेतरी जायला हवेत. त्यांतला काही भाग हवेचा रोध आणि खालच्या गिअरमधले इंजिन घेते, उरलेला ब्रेक घेतात. तापलेल्या तेलातल्या पाण्याची वाफ झाली, की घात होतो. द्रव दाबला जात नाही म्हणून दाब पुढे पोचतो. वाफ मात्र दाबली जाते. पेडल तळापर्यंत जाते आणि मोटार थांबत नाही.

म्हणून इंजिन सुरू होवो न होवो, ब्रेकचे सारे तेल, चाकांजवळच्या सिलिंडरांतली रबरी सीले आणि होज पाइप नवे घालावेत. ड्रममधली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने पुसून घ्यावी, कारण जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असे. टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी फसू नये. ओझोन आणि ऊन यांनी रबराला भेगा पडतात. टायरच्या बाजूला चार आकडी संख्या असते. '३२०८' म्हणजे २००८ सालचा ३२ वा आठवडा. असा टायर बदलायचाच.

पहिली धडधड

आता किल्लीची वेळ आली. मोटार शेडबाहेर उघड्यावर आणावी आणि चाकांना दगड लावावेत. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो आणि त्याला वास नसतो, म्हणून बंद जागेत इंजिन कधीच सुरू करू नये. रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी न भरता शुद्ध पाणी आणि कूलंट घालावे, नाहीतर आत क्षारांचे पुटे चढतात आणि उष्णता बाहेर जात नाही. प्रथम प्लग काढलेलेच ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवावा, म्हणजे दाब नसताना तेल सर्व बेअरिंगांपर्यंत पोचेल. ऑइलचा लाल दिवा विझला, की प्लग लावावेत आणि मग किल्ली फिरवावी.

इंजिन सुरू झाले तर उत्तमच. नाही झाले, तरी शोधायचे ते तीनच: हवा, पेट्रोल, ठिणगी. प्लग ओला आहे का? ठिणगी पडते का? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची. हीच प्रयोगाची पद्धत, आणि चांगला मिस्त्री ती शाळेत न शिकताही पाळतो.

वर्गात करून पाहा

पेट्रोल आणि ब्रेकचे तेल शाळेत आणू नये. त्यांच्याशिवायही हे सारे दाखवता येते. तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवा: एक कोरड्या हवेत, एक साध्या पाण्यात अर्धा बुडवून, एक मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून. आठवडाभर नोंदी ठेवा. एक रबर बँड ताणून उन्हात आणि दुसरा तसाच ताणून कपाटात ठेवा. महिन्याने दोन्ही ओढून पाहा. पावसाळ्यात गुळाचे समान वजनाचे दोन खडे, एक उघड्या आणि एक झाकलेल्या वाटीत ठेवून दर दोन दिवसांनी तोला. बोअरचे पाणी आणि पावसाचे पाणी सारखेच मोजून आटवा आणि भांड्याच्या तळाशी काय उरते ते पाहा.

मग विद्यार्थ्यांना घेऊन गावातली एखादी बंद पडलेली वस्तू शोधा. जुनी मोटारसायकल असेल, विहिरीवरचे डिझेल इंजिन असेल. ती सुरू करायला सांगू नका. तिच्यात काय काय चालू आहे, तेवढे लिहून काढायला सांगा.