पीळ, छापी आणि तंबाखूचा जोर

तंबाखूची सबंध पाने एकापुढे एक मांडून, त्यांच्याभोवती एका रुंद आणि न फाटलेल्या पानाचे वेष्टन देऊन, त्या सर्वांना एकत्र पीळ घातला म्हणजे जो लांब दोर तयार होतो, त्याला या लेखात दोरतंबाखू म्हटले आहे. हवाबंद डबे नव्हते त्या काळात पाने टिकवण्याचा हा अत्यंत व्यवहार्य मार्ग होता. कारण पिळामुळे आतल्या पानांना हवा कमी लागते, ओलावा टिकतो आणि माल थोड्या जागेत मावतो. लांबच्या सफरीवरील खलाशी अशा दोराचा तुकडा चाकूने कापून पाइपात भरत किंवा चघळत, आणि ज्या कोळसाखाणींत स्फोटक वायूच्या भीतीने उघड्या ज्योतीला मनाई असे, तेथील कामगारांना तर चघळणे हाच एक मार्ग उरत असे. पाइप ओढणाऱ्यांमध्ये आजही हा प्रकार नवशिक्याची कसोटी पाहणारा मानला जातो, आणि पहिली दोरतंबाखू कोणती निवडावी या प्रश्नाचे उत्तर चवीपेक्षा तिच्या घडणीत आणि जोरात शोधावे लागते.

महाराष्ट्रात तंबाखू प्रामुख्याने विडीत, चुन्याबरोबर मळून, भाजून केलेल्या मिश्रीच्या रूपात आणि चिलमीत वापरली गेली. पोर्तुगिजांनी पश्चिम किनाऱ्यावर आणलेली तंबाखू दख्खनेत लवकर रुजली, आणि १६०४ च्या सुमारास अकबराचा अधिकारी असद बेग विजापूरहून परतला तेव्हा त्याने बादशहासाठी तंबाखू व ती ओढण्याचे रत्नजडित साधन नेले. अकबराने काही झुरके घेतले, हकिमांनी हरकत घेतली, तरी सरदारांत ही सवय पसरली. १६१७ साली जहांगिराने धूम्रपानाला मनाई केली, पण ती मनाई टिकली नाही. दरबारातील हुक्का सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होता. शेताच्या बांधावर आणि चावडीवर चालली ती चिलीम. मराठी वाचकाच्या परिचयातील पाइप तो हाच असल्याने दोरतंबाखूचा विचारही चिलमीपासून सुरू करणे योग्य ठरते.

चिलीम म्हणजे भाजलेल्या मातीची, वर रुंद आणि खाली निमुळती होत जाणारी पोकळ नळी. तिच्या आत, निमुळत्या भागाच्या तोंडाशी, एक छोटा खडा सोडलेला असतो. तो तंबाखूचा चुरा आणि राख खाली ओढली जाऊ देत नाही, मात्र नळीच्या गोलाईत तो नेमका बसत नसल्याने त्याच्या कडेने धुराला वाट मिळते. खालच्या टोकाला ओले फडके गुंडाळतात, त्याला छापी म्हणतात. धूर या ओल्या फडक्यातून येतो आणि तोंडापर्यंत पोहोचेतो बराच निवतो; शिवाय एकच चिलीम अनेकांच्या हातातून फिरत असल्याने छापी ओठ आणि तापलेली माती यांच्यामध्ये आडही होते. वर ठेवलेला निखारा तंबाखूला वरून तापवतो आणि ओढणाऱ्याच्या श्वासाच्या ओढीवर जाळ कमी-अधिक होतो. हलणारा एकही भाग नसलेले, कुंभाराच्या भट्टीतून निघालेले हे साधन उष्णता, हवा आणि ओलावा या तिन्हींचे नियमन करते, ही त्यामागील कारागिरीची खरी थोरवी आहे.

या रचनेत छापी किती अनिवार्य होती, याची साक्ष मराठी संतचरित्रातही सापडते. गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजेच हेमाडपंत, यांच्या श्रीसाईसच्चरितात धूपखेड्याचे चांद पाटील हरवलेल्या घोडीच्या शोधात असताना त्यांची साईबाबांशी भेट होते, आणि चिलीम ओढण्यापूर्वी दोन गोष्टींची उणीव भासते: पेटवण्यासाठी विस्तव आणि छापी भिजवण्यासाठी पाणी. बाबा त्या दोन्ही गोष्टी जमिनीतून काढून देतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने मानावा. परंतु चिलमीला अग्नी जितका लागतो तितकेच पाणीही लागते, हे ज्ञान त्या काळच्या श्रोत्यांना इतके परिचित होते की कथाकाराला ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

चिलमीने जे काम माती, खडा आणि छापी यांच्याकडून करून घेतले, त्यापैकी बरेचसे दोरतंबाखूत पानाच्या घडणीवरच सोपवलेले आहे. या घडणीचे नाव घेतले की इंग्लंडच्या वायव्येकडील केंडल या गावाकडे वळावे लागते. तेथील परंपरा १७९२ साली थॉमस हॅरिसन यांनी ग्लासगोहून तपकिरीची यंत्रे आणली तेथून मोजली जाते. पुढे हा व्यवसाय गाविथ कुटुंबाकडे आला, त्यातून सॅम्युअल गाविथ आणि गाविथ हॉगार्थ अशा दोन कंपन्या झाल्या, आणि २०१५ साली त्या पुन्हा एकत्र आल्या. मात्र दोरतंबाखूचे मर्म या वंशावळीपेक्षा पीळ घालणाऱ्या कामगाराच्या मेजावर अधिक स्पष्टपणे कळते.

या मेजावर मधली शीर काढलेली पाने ओलसर अवस्थेत आणली जातात, कारण कोरडे पान पिळताना तुटते. यंत्र दोराला फिरवते आणि तयार झालेला भाग गुंडाळून घेते. परंतु त्या फिरत्या टोकाला पुढची पाने किती, कोणत्या कोनात आणि कोणत्या क्षणी द्यायची, आणि वेष्टनाचे पान कोठे चढवायचे, हे हातच ठरवतो. पाने कमी पडली तर दोर तेथे बारीक होऊन तुटतो, जास्त झाली तर गाठ येते आणि ती गाठ पुढे पाइपात नीट जळत नाही. सूत कातणाऱ्याच्या बोटांतून पेळू जसा सुटतो, तसेच हे काम आहे: यंत्राचा वेग ठरलेला असतो आणि दोराची एकसारखी जाडी सर्वस्वी बोटांच्या अंदाजावर राहते. अडीचशे वर्षे होत आलेल्या या व्यवसायात यंत्रे बदलली तरी या अंदाजाला पर्याय मिळालेला नाही, आणि म्हणूनच अशा कामगारांची संख्या घटणे ही केवळ एका कंपनीची नव्हे, एका कौशल्याची हानी ठरते.

पिळलेल्या दोराचे पुढे दोन मार्ग होतात. एक दोर तसाच मुरू दिला जातो. त्याला तपकिरी दोर म्हणतात. दुसऱ्याची वेटोळी करून ती दाबाखाली दीर्घकाळ उष्णतेत ठेवली जातात, तेव्हा पानांतील रस आणि तेले बाहेर येऊन पुन्हा पानांतच जिरतात, रंग काळा पडतो आणि चवीतला तिखटपणा मऊ होतो. हा काळा दोर. 'ब्राऊन आयरिश एक्स' आणि 'ब्लॅक आयरिश एक्स' ही केंडलची नावे याच भेदावर उभी आहेत. या दोरांत मलावीसारख्या देशांतील, लाकडाच्या धुरावर सुकवलेली गडद पाने वापरली जातात. सीमाभागातील निपाणीची विडी-तंबाखू याच्या उलट उन्हात सुकवली जाते, आणि सिगारेटची बरीचशी तंबाखू बंद भट्टीत गरम हवेने पिकवली जाते.

सुकवण्याच्या या फरकातच निवडीचा मुख्य मुद्दा दडलेला आहे. भट्टीत पिकवलेल्या तंबाखूत साखर अधिक उरते आणि तिचा धूर आम्लधर्मी असतो. त्यातील निकोटीन तोंडात फारसे शोषले जात नाही, म्हणून सिगारेट ओढणारा धूर फुप्फुसात घेतो. गडद तंबाखूचा धूर अल्कधर्मी असतो आणि त्यातील निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात उतरते. त्यामुळे धूर आत न घेणाऱ्या पाइपवाल्यालाही दोरतंबाखूचा पूर्ण जोर लागतो. येथे नवशिक्याची नेहमी फसगत होते: काळ्या दोराची चव मऊ, म्हणून तो सौम्य असे त्याला वाटते, पण शिजवल्याने तिखटपणा जितका उतरतो तितका जोर उतरत नाही. चिलमीची छापीही अशीच फसवी आहे, कारण ती धूर निववते, निकोटीन अडवत नाही.

सवय असलेले पाइपवाले पहिल्या दोराबाबत जे नियम पाळतात, ते सर्व याच सत्यातून आले आहेत. जाड दोरापेक्षा बारीक दोर आणि अखंड दोरापेक्षा आधीच चकत्या केलेला दोर सोयीचा मानतात, कारण अखंड दोराच्या नाण्याएवढ्या पातळ चकत्या पाडणे, त्या बोटांनी सुट्या करणे आणि भरण्यापूर्वी पुरेशा वाळू देणे, यांपैकी एकही पायरी चुकली तर तंबाखू पुन्हा पुन्हा विझते, ओढणारा जोराने ओढू लागतो आणि निकोटीनची मात्रा नकळत वाढते. पाइपाचे भांडे लहान घ्यावे, उपाशीपोटी ओढू नये, बसून आणि सावकाश ओढावे, आणि घाम, मळमळ, चक्कर किंवा उचकी यांपैकी काहीही जाणवताच थांबावे, असे ते सांगतात. ही लक्षणे नवखेपणाची खूण नसून निकोटीनच्या विषबाधेची सुरुवात असते.

याच विषाची दुसरी बाजू शेतात दिसते. ओल्या पानांना हात लावणाऱ्या तंबाखू-मजुरांच्या त्वचेतून निकोटीन शरीरात शिरते आणि त्यांना मळमळ, उलट्या व अशक्तपणा येतो; वखारींत पाने झोडपताना उडणारी धूळ श्वासाबरोबर आत जाते. एवढे सोसूनही भाव हाती येत नव्हता, म्हणून १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी संघटनेने निपाणीत रास्ता रोको केला, आणि ६ एप्रिल १९८१ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. दोर असो वा विडी, त्यामागच्या पानाचे मोल त्या पानाला हात लावणाऱ्यांनीच सर्वांत जास्त चुकवले आहे.

ओढणाऱ्याच्या वाट्याला येणारी हानीही कारागिरीने टळत नाही. पाइप, विडी, चिलीम आणि चघळण्याची तंबाखू या सर्वांमुळे कर्करोग होतो, हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद सिद्ध केले आहे. धूर फुप्फुसात न घेणाऱ्याला तोंड, घसा आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका राहतोच. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातील २८.६ टक्के प्रौढ आणि महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू वापरत असल्याचे आढळले. २००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास बंदी आहे आणि ठरवून दिलेल्या सचित्र इशाऱ्याविना तंबाखूचे पाकीट विकता येत नाही. परदेशी दोरालाही हाच नियम लागू होतो.

पिळणाऱ्या बोटांचे आणि चिलीम घडवणाऱ्या कुंभाराचे कौशल्य आदराने जपण्यासारखे आहे. ते नोंदवले जावे, संग्रहालयांत दाखवले जावे आणि पुढच्या पिढीने ते समजून घ्यावे. मात्र त्यासाठी तंबाखू ओढण्याची गरज नाही. ज्याने अद्याप धूम्रपान सुरू केलेले नाही, त्याच्यासाठी योग्य अशी पहिली दोरतंबाखू नाही. जो आधीपासून ओढतो, त्याने मऊ चवीला सौम्यपणा समजू नये, आणि सोडण्याची इच्छा झाल्यास १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतक्रमांकावर विनामूल्य बोलावे.