यंत्राच्या ठेक्यावर बास गिटार

मे १९८०. ‘जॉय डिव्हिजन’ हा मँचेस्टरचा बँड पहिल्या अमेरिका दौऱ्यावर निघण्याच्या आदल्या दिवशी त्याचा गायक इयान कर्टिस याने आत्महत्या केली. चौघांपैकी एक जरी गेला तरी नाव सोडायचं, असं त्यांचं आधीच ठरलं होतं. बर्नार्ड समनर, पीटर हुक आणि स्टीफन मॉरिस या तिघांनी तो शब्द पाळला, ‘न्यू ऑर्डर’ या नावाने पुन्हा सुरुवात केली आणि त्याच वर्षी कीबोर्ड व गिटार वाजवणाऱ्या गिलियन गिल्बर्टला सोबत घेतलं.

गाणार कोण, हाच मोठा प्रश्न होता. अखेर माइक समनरकडे आला. १९८१चा ‘मूव्हमेंट’ हा पहिला अल्बम ऐकताना कर्टिसची सावली सतत जाणवते. त्यातून वाट काढून दिली ती न्यूयॉर्कच्या नाइट क्लबांनी. तिथे माणसं तासन् तास नाचत होती, आणि त्यांना नाचवणारा ठेका यंत्राचा होता.

मग समनरने सुट्या भागांचा संच आणून सीक्वेन्सर स्वतः जोडला. मॉरिससारख्या कसलेल्या ड्रमरने ओबरहाइमचं ड्रम मशीन आपलंसं केलं. या खटपटीतून मार्च १९८३मध्ये ‘ब्लू मंडे’ आलं. साडेसात मिनिटांच्या या गाण्याला रूढ अर्थाने ध्रुवपदच नाही. सीक्वेन्सरमध्ये भरायचे सूर गिल्बर्टने कागदांच्या लांबलचक पट्टीवर लिहून काढले होते. त्यात एक सूर राहून गेला, म्हणून सिंथेसायझरची चाल ठेक्यापासून किंचित सरकलेली आहे. ती तशीच ठेवली हे फार चांगलं झालं. गाण्याचा सगळा झोका त्या सरकण्यात आहे.

हुकची बास गिटार हे या बँडचं दुसरं बळ. तालमीत समनरच्या कर्कश गिटारपुढे आपलं वाजवणं ऐकू यावं म्हणून तो वरच्या पट्टीत वाजवू लागला, आणि पुढे चालच बासवर येऊ लागली. यंत्रांच्या काटेकोर ठेक्यावर ती आर्त बास आली की न्यू ऑर्डर लगेच ओळखू येतो.

बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये तेव्हा रेकॉर्डवर ओठ हलवण्याची पद्धत होती. न्यू ऑर्डरने ‘ब्लू मंडे’ प्रत्यक्ष वाजवण्याचा हट्ट धरला. त्या काळची लहरी यंत्रं घेऊन केलेलं ते वादन रेकॉर्डपुढे फिकं पडलं. तरीही त्याच वर्षी गाणं ब्रिटनच्या यादीत नवव्या क्रमांकावर पोहोचलं, आणि बारा इंची सिंगल्समध्ये सर्वाधिक खपाचा मान त्याने मिळवला.