सहा आकड्यांची परवली

आमच्या कचेरीत संगणकापुढे बसले, की कामाआधी दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिली परवलीच्या शब्दाची. ही जुनीच. अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये १९६१ साली एकच यंत्र अनेकजण वापरू लागले, तेव्हा ज्याचे कागद त्याच्यापुरते राहावेत म्हणून फर्नांडो कोर्बातो यांनी ती घातली. आणि गंमत पाहा, पुढच्याच वर्षी ॲलन शेर या तिथल्याच संशोधकाने यंत्रावर जास्त वेळ मिळावा म्हणून सगळ्यांच्या शब्दांची यादीच छापून घेतली!

दुसरी परीक्षा सहा आकड्यांची. फोनवर ते उमटतात आणि तीस सेकंदांत बदलतात. पुष्कळांना वाटते, ते कचेरीतून कोणी धाडते. छे! फोनचे इंटरनेट बंद असले तरी ते बदलतच राहतात. पहिल्या दिवशी आपण फोनला ते ठिपक्याठिपक्यांचे चौकोनी चित्र दाखवतो ना, त्यात एक गुपित दडलेले असते. तेच गुपित कचेरीच्या यंत्रापाशीही असते. गुपित आणि त्या क्षणाची वेळ घेऊन दोघे आपापल्या जागी एकच गणित सोडवतात. उत्तर जुळले, की दार उघडले. फोनचे घड्याळ फार मागे पडले, तर मात्र खुद्द मालकालाही प्रवेश नाही.

मागे आमच्या हिशेब खात्यातल्या एका बाईंना फोन आला. "ताई, संगणक विभागातून बोलतोय. पगाराचं काम अडलंय. तुमच्या फोनवरचे आकडे तेवढे सांगा." आवाज गोड, आणि तारीख तीस! बाईंचा परवलीचा शब्द त्या भामट्याला आधीच मिळाला होता, हे मागाहून कळले. सगळ्यांचे पगार त्या सहा आकड्यांवर अडले होते म्हणा ना! बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या यंत्राला ते ठाऊक असतात की! मला कशाला विचारता?" फोन बंद.

प्रत्येकाला असे सुचेलच असे नाही. शिवाय खोटे, पण हुबेहूब पान समोर आले, तर शहाणासुरता माणूसही त्यात आकडे भरून मोकळा होतो. म्हणून आता आम्हांला बोटाच्या पेरापेक्षा थोडी मोठी अशी किल्ली मिळाली आहे. ती संगणकाला लावायची आणि बोटाने स्पर्श करायचा. ज्या पत्त्यावर तिची नोंद झाली, तोच समोर असेल तर ती उत्तर देते. पत्त्यात एका अक्षराचा फरक असला तरी गप्प. आणि फोनवर वाचून दाखवण्यासारखे तिच्यात काही नसतेच.

हरवली तर पंचाईत नको, म्हणून दुसरी किल्ली आधीच नोंदवून ठेवतात. माझी घरी कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी आहे.